दुपारची वाकळ, रात्रीचा दम

नमस्कार श्रोतेहो.

घट बसायच्या आधी आपल्या सांगलीत घरोघरी अंथरुणं धुवायला निघतात. दुपारी माळ्यावरची वाकळ दारात झटकली, की घरातल्या एकीला हमखास शिंका सुटतात. तासाभरात त्या थांबतात. आणि रात्री नवाला तिची छाती सूं सूं वाजायला लागते. मग दोष जेवणातल्या दह्याला. बिचारं दही!

त्या वाकळेत डोळ्यांना न दिसणारे धुळीचे किडे असतात. आपल्या अंगावरून गळालेल्या कातडीच्या कोंड्यावर ते जगतात. त्यांच्या विष्ठेतली प्रथिनं या बाईच्या शरीरानं कधीतरी शत्रू ठरवली आणि त्यांच्याविरुद्ध आयजीई नावाचं प्रतिद्रव्य तयार करून ठेवलं.

ते जाऊन बसतं नाकाच्या, श्वासनळीच्या अस्तरातल्या मास्ट पेशींवर. 1878 साली पाउल एर्लिखनं त्यांना हे नाव दिलं. दाण्यांनी गच्च भरलेल्या त्या पेशी त्याला खाऊनपिऊन माजल्यासारख्या वाटल्या! पण ते दाणे म्हणजे खाणं नव्हे, दारूगोळा. धूळ आत गेली, की काही मिनिटांत त्यातून हिस्टामीन नावाचं रसायन बाहेर पडतं. दुपारच्या शिंका त्याच.

रात्रीचे पाहुणे वेगळे. मास्ट पेशी आणि टी नावाच्या पांढऱ्या पेशी सांगावा धाडतात, त्यातला एक इंटरल्युकिन-5. तो मिळाला, की चार-सहा तासांत इओसिनोफिल, म्हणजे रक्तातल्या एका जातीच्या पांढऱ्या पेशी, श्वासनळीत जमतात. तुम्ही म्हणता ना, ‘इस्नोफिल वाढलेत’, तेच. माझं काम रक्त तपासायचं, त्यामुळं यांची रोजची गाठ. काचेवर रंग चढवला, की दोन पाकळ्यांचं केंद्र आणि भोवती शेंदरी दाणे. दिसायला देखणे! पण त्या दाण्यांतलं, मूळचं जंतांवर चालवायचं विष इथं श्वासनळीचं अस्तर जाळतं, नळी सुजते.

म्हणून दम्याचे पंप दोन. एक आवळलेले स्नायू सैल करतो. लगेच बरं वाटतं, पण सूज तिथंच राहते. दुसरा, रोजचा, स्टिरॉईडचा. तो या पेशींची गर्दी हटवतो, पण त्याला दिवस लागतात. आणि बरं वाटलं की लोक नेमका हाच बंद करतात, ‘सवय लागंल’ म्हणून. अहो, सवय कसली? डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो सोडू नका.

आणि हो, पुढच्या वर्षी ती वाकळ झटकायला नवऱ्याला सांगा.