पाणी नाही, खत चाललंय

[दृश्य: ऐरोलीची जेट्टी. ओहोटी. उघड्या चिखलात रोहित पक्ष्यांचा थवा, मागे विजेचे मनोरे.]

माझा आजा घणसोलीचा. खाडीकाठी त्याची खारजमीन होती. भरती आली की उघाडीची, म्हणजे बांधातल्या दाराची, फळी उतरवायची, ओहोटी लागली की उचलायची, पावसाळ्यातलं त्याचं घड्याळ हेच. फळी उचलली की खाचरातलं गढूळ पाणी खाडीत धावायचं. आजा बांधावर उकिडवा बसून बघत राहायचा आणि म्हणायचा, "पानी नाय जात, खत जातंय."

आजाचं ते खत म्हणजे घरच्या गुरांचं शेण. आज ठाणे जिल्ह्यातल्या भातशेतीत युरिया पडतो. पण वाहून जाणारं खत पुढे कुठे जातं, याचा हिशेब आता देशाच्या, पृथ्वी तापवणाऱ्या हरितगृह वायूंच्या खातेवहीत मांडावा लागतो. शेतातून निसटलेल्या खतापासून दुसरीकडे जो वायू होतो, त्याला म्हणतात अप्रत्यक्ष उत्सर्जन.

[दृश्य: मुरबाड. लावणी झालेलं खाचर. एक शेतकरी मुठीने युरिया फेकतो आहे.]

युरिया उभ्या पाण्यात फेकला की विरघळून त्याचा अमोनियम होतो. दिवसा शेवाळामुळे पाण्याचा आम्लपणा घटतो आणि अमोनिया वायू होऊन उडतो. हा अमोनिया स्वतः हरितगृह वायू नाही. तो वाऱ्याबरोबर जातो, कुठल्या तरी डोंगरावर, दुसऱ्याच्या शेतात, एखाद्या तळ्यात पावसाबरोबर उतरतो. तिथले जिवाणू त्यातल्या थोड्या नायट्रोजनचा नायट्रस ऑक्साइड करतात, आणि तो मात्र हरितगृह वायू आहे. दुसरी वाट पाण्याची. ठाणे जिल्ह्यात पावसाळ्यात अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. खाचर भरतं, मोरी फोडावी लागते, नायट्रोजन ओढ्याला लागतो. मुरबाडचं पाणी काळू नदीत, शहापूरचं भातसेत, भातसा काळूला मिळते आणि काळू उल्हासला. कल्याण ओलांडून उल्हास ठाण्याशी येते, तिचं बहुतेक पाणी वसईच्या खाडीकडे वळतं आणि एक फाटा या आमच्या ठाणे खाडीला जोडलेला आहे. या साऱ्या वाटेवर, नदीच्या गाळात आणि खाडीच्या चिखलात तोच वायू तयार होत राहतो.

नायट्रस ऑक्साइड हवेत शंभर वर्षांहून जास्त टिकतो. शंभर वर्षांच्या हिशेबात त्याचा एक किलो कार्बन डायऑक्साइडच्या २७३ किलोंइतकी उष्णता अडकवतो.

[दृश्य: कृषी सेवा केंद्रातली युरियाची थप्पी. एका गोणीवर कॅमेरा थांबतो.]

आता ही एक गोण घ्या. वजन ४५ किलो. युरियात ४६ टक्के नायट्रोजन, म्हणजे गोणीत साधारण पावणेएकवीस किलो. हवामान बदलाचा अभ्यास करणाऱ्या आयपीसीसी या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००६ मध्ये जगासाठी ढोबळ गुणक दिले. त्यांनुसार रासायनिक खतातला दहा टक्के नायट्रोजन हवेत उडतो आणि भरपूर पावसाच्या मुलखात तीस टक्के पाण्यावाटे जातो. उडालेल्यातला एक टक्का आणि वाहिलेल्यातला पाऊण टक्का नायट्रस ऑक्साइड होतो. हे गुणक लावून मी गणित केलं. बांधाबाहेर होणारं उत्सर्जन गोणीमागे कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २९ किलोंइतकं भरलं. पाणी साचलेल्या भातखाचरातून थेट निघणाऱ्या नायट्रस ऑक्साइडसाठी याच गुणकांत खतातल्या नायट्रोजनचे ०.३ टक्के धरले आहेत. म्हणजे भाताच्या बाबतीत, शेतात जेवढा नायट्रस ऑक्साइड होतो, जवळपास तेवढाच शेताबाहेर होतो, आणि तो कोणालाच दिसत नाही. हे उत्तर बघून मी बराच वेळ कागदापुढे बसून राहिलो.

२०१९ मध्ये हे गुणक सुधारले गेले. वाहून जाणारा वाटा चोवीस टक्क्यांवर आला, पण त्यातून होणाऱ्या वायूचा गुणक वाढला. म्हणून कुठल्याही देशाचा आलेख वर किंवा खाली गेलेला दिसला, तर बदल शेतात झाला की सूत्रात, हे आधी विचारायला हवं.

[दृश्य: खतांच्या वापराचा साधा रेषालेख.]

भारताच्या खतवापराचा कल मात्र सूत्रामुळे बदललेला नाही. १९६०-६१ मध्ये देशभरात सुमारे २ लाख टन नायट्रोजन खतांवाटे वापरला गेला. २०२०-२१ मध्ये सुमारे २०४ लाख टन. शंभर पट. या खतावर देश जेवला, हे विसरून या आलेखाकडे बघता येणार नाही. २०१५ मध्ये युरियाला निंबोळी तेलाचं आवरण सक्तीचं झालं, त्यामुळे त्यातला नायट्रोजन हळू सुटतो. २०१८ मध्ये गोण पन्नासवरून पंचेचाळीस किलोंची झाली. तरीही २०१५-१६ चा सुमारे ३०६ लाख टनांचा युरिया पाच वर्षांत ३५० लाख टनांवर गेला. गोण लहान झाली, गोणी वाढल्या.

खाडीत येणारा सगळा नायट्रोजन शेतकऱ्याच्या माथी मारणं अन्यायाचं होईल. शहरांच्या सांडपाण्यातूनही तो येतो, आणि राष्ट्रीय हिशेबात ते सांडपाणी 'कचरा' या वेगळ्या प्रकरणात मोजलं जातं.

[दृश्य: कांदळवन. तिवरांची मुळं. पलीकडे इमारती.]

त्याच खातेवहीतलं जमीन-वापराचं पान वेगळं आहे. तिथे भारताच्या खात्यावर जमा दिसते. २०१६ मध्ये देशातली वनं आणि जमिनी मिळून कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनापैकी सुमारे १५ टक्के शोषत होत्या. २०२० मध्ये हा आकडा सुमारे २२ टक्के सांगितला गेला. त्या जमेत ही तिवरंही आहेत. त्यांच्या चिखलात हवा पोचत नाही, म्हणून शेकडो वर्षांचा पालापाचोळा न कुजता पडून आहे. भराव टाकून तो सुकवला की साठलेला कार्बन सुटू लागतो. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनांच्या तोडीला मनाई केली आणि २०२२ मध्ये ठाणे खाडी रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, झाली. आजाचं खाचर मात्र त्याच्या फार आधी भरावाखाली गेलं. मी शाळेत गेलो, तो रस्ता त्याच्यावरून जातो.

[दृश्य: पुन्हा मुरबाड. चिखलात वाकलेल्या बायका. हातात छोट्या गोळ्या.]

कोकणात या गळतीवर एक उपाय जुना आहे. कृषिशास्त्रज्ञ डॉ. नारायण सावंत यांनी रुजवलेली भाताची चारसूत्री लागवड. युरिया आणि डीएपी हे नायट्रोजन-फॉस्फरसचं खत एकत्र दाबून केलेली जेमतेम पावणेतीन ग्रॅमची गोळी, चार चुडांच्या, म्हणजे रोपांच्या जुडग्यांच्या, मधोमध, सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचायची. तिथे खताला हवा लागत नाही, अमोनियम मातीला धरून राहतं. उडत नाही, मोरीतून जात नाही, आणि खतही कमी लागतं.

अडचण कंबरेची आहे. युरिया मुठीने फेकायला थोडा वेळ पुरतो. गोळ्या एकेक करून खोचायच्या, त्याही लावणीच्या दिवशीच, जेव्हा गावात माणूस मिळत नाही आणि मजुरी सर्वांत चढलेली असते. खोचणाऱ्या बहुतेक बाया. त्यांनी वाचवलेलं उत्सर्जन देशाच्या खात्यात जमा होतं. त्या जास्तीच्या वाकण्याची मजुरी कोण देणार, हे अजून कुठल्याच खात्यात लिहिलेलं नाही.

[दृश्य: बोटांनी चिखल बाजूला होतो, गोळी आत जाते, चिखल मिटतो. पाऊस. नुसता पावसाचा आवाज.]