च्या काय जेवण हाय व्हय?

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय सोनोग्राफी, एक्स-रे, सीटी, एमआरआय यांच्याबद्दल. पण आधी आमच्या आत्याची गोष्ट.

आत्या तासगावकडची. उजव्या बरगडीखाली दुखायचं, लग्नाचं तेलकट जेवण झालं की जास्तच. डॉक्टरांनी सोनोग्राफी लिहून दिली आणि बजावलं, उपाशीपोटी जा. सकाळच्या एस.टी.नं आम्ही मिरजेला पोहोचलो. मिरज म्हणजे सतारींचं आणि दवाखान्यांचं गाव. (तिथल्या वेटिंग रूममधले टीव्ही मात्र कुणीतरी बंद करा हो! आधीच पोटात गोळा, त्यात मालिकेतली सासू किंचाळतेय.)

डॉक्टरांनी जेल लावलं, यंत्र फिरवलं आणि थांबले.

‘‘मावशी, काही खाल्लंय?’’

‘‘न्हाई ओ, कण न्हाई पोटात.’’

‘‘चहा?’’

‘‘च्या घेतलाय की. च्या काय जेवण हाय व्हय?’’

‘‘दुधाचा?’’

‘‘मग काय कोरा पिऊ? दोन म्हशी हायत दारात!’’

डॉक्टर हसले. म्हणाले, उद्या या.

कारण असं, पित्ताशय म्हणजे पित्ताची छोटी पिशवी. उपाशीपोटी ती भरलेली राहते. स्निग्ध काही पोटात गेलं, की आकसून पित्त आतड्यात सोडते. आत्याची पिशवी म्हशीच्या दुधानं मिटली होती, मग आतलं काय दिसणार? म्हणून पुन्हा सांगतो, उपाशीपोटी म्हणजे दुधाचा चहासुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी पिशवी टम्म, आणि आत तीन पांढरे ठिपके, म्हणजे खडे. सोनोग्राफीत आपल्याला ऐकू न येणारा आवाज आत सोडतात, विहिरीत हाक मारावी तसा, आणि परत येणाऱ्या आवाजावरून चित्र उमटतं. खडा आवाज पुढं जाऊच देत नाही, म्हणून त्याच्यामागं काळी सावली पडते. मधे हवा आली तरी आवाज अडतो. ते गार जेल त्यासाठीच.

एक्स-रे जुना. १८९५ साली राँटगेन या शास्त्रज्ञानं बायकोच्या हाताचा काढला, बोटातल्या अंगठीसकट. सीटी म्हणजे तोच एक्स-रे भोवती फिरवून काकडीच्या चकत्यांसारखं शरीर बघणं. एमआरआयमध्ये एक्स-रे नाहीत, जबरदस्त लोहचुंबक आहे. जोडवी, केसातला आकडा, सगळं बाहेर. छातीत पेसमेकर असेल तर आधी सांगा. आणि जुने रिपोर्ट सोबत न्या, कपाटावर धूळ खात ठेवू नका!

आत्याचं ऑपरेशन झालं. खडे बाटलीत घालून तिनं शोकेसमध्ये ठेवलेत. पाहुणा आला की आधी बाटली दाखवते, मग विचारते, ‘‘च्या टाकू न्हवं?’’