जर्मनीत घरचा पाव

नमस्कार श्रोतेहो. जर्मनीत शिकायला निघालेल्या मुलामुलींशी, आणि ‘तिकडे खाणार काय?’ या काळजीत असलेल्या त्यांच्या आईबाबांशी आज मला बोलायचं आहे.

२०२४च्या सप्टेंबरपासून व्हिसासाठी खात्यात ११,९०४ युरो दाखवावे लागतात, म्हणजे महिन्याला ९९२. त्यातून भाडं आणि आरोग्यविमा गेला की उरेल त्यात जेवण भागवायचं. लेक्चर आणि नोकरी सांभाळून रोज पोळ्या लाटणं होत नाही. मग पाव आलाच, आणि बेकरीतला चांगला पाव किलोला पाच-सहा युरो सहज घेतो.

घरी केला तर? एक किलो गव्हाचं पीठ साधारण एक युरो. यीस्ट आणि मीठ किरकोळ. विजेकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. तासभर ओव्हन चालला की एक-दीड युनिट जळतं आणि युनिटला पस्तीस-चाळीस सेंट पडतात. एकच पाव भाजलात तर पिठाइतकाच खर्च विजेचा! म्हणून नेहमी दोन पाव एकदम भाजा. दोन युरोच्या आत दीड किलो पाव होतो. सुपरमार्केटातल्या सर्वांत स्वस्त टोस्ट ब्रेडपेक्षा तो फारसा स्वस्त पडणार नाही, हेही सांगून ठेवते. पण पोटभरीचा, चवीचा पाव हवा असेल तर बचत खरी आहे.

पीठ घेताना पाकिटावरचा आकडा बघा. ४०५ म्हणजे आपल्या मैद्यासारखं, केकसाठी. पावाला ५५० घ्या. थोडा कोंडा हवा असेल तर त्यात १०५० मिसळा. पीठ जाळल्यावर किती खनिज राख उरते त्यावरून हे आकडे ठरतात. आकडा मोठा तितका कोंड्याचा अंश जास्त.

मळायचं तर अजिबात नाही. न्यूयॉर्कचे बेकर जिम लेही यांची बिनमळणीची पद्धत २००६ साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’मधून जगभर पोचली. तिचंच हे साधं रूप. रात्री किलोभर पीठ, वीस ग्रॅम मीठ, अर्धा छोटा चमचा कोरडं यीस्ट आणि ७०० मिली पाणी चमच्याने कालवा आणि झाकून ठेवा. बारा-चौदा तासांत पिठाला आपोआप तार येते. मळण्याचं काम वेळच करतो, आणि मंद आंबण्याने चवही खुलते. घर गार असेल तर आणखी थांबा, घाई करू नका.

मग केकच्या दोन लांबट साच्यांना तेल लावून पीठ त्यांत ओता, काठाशी येईपर्यंत फुगू द्या. २२० अंशांवर चाळीस-पंचेचाळीस मिनिटं भाजा. खालच्या कप्प्यात पाण्याची वाटी ठेवा, वाफेमुळे पाव नीट फुलतो. तळावर टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला की झाला.

हा उद्योग शुक्रवारी रात्री सुरू करा. रविवारी तिथे बहुतेक दुकानं बंद असतात. पूर्ण गार झाल्यावरच कापा, नाहीतर आतून चिकट लागतो. दुसऱ्या पावाचे काप करून फ्रीझरमध्ये टाका. लागतील तसे दोन-दोन काढून थेट टोस्टरमध्ये घालता येतात.