काळ्या स्क्रीनवरच्या रंगजोड्या

(बेळगावातील एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय 'टर्मिनल प्रोग्रॅममधील रंगांचे नियोजन'. टर्मिनल प्रोग्रॅम म्हणजे चित्रं-बटणं नसलेला, नुसत्या अक्षरांत आणि कीबोर्डवर चालणारा काळ्या स्क्रीनचा प्रोग्रॅम. पुढं कॉम्प्युटरची पोरं बसलीत, मधे पतसंस्थांची मंडळी आहेत, आणि मागच्या रांगांत शहापूर-वडगावचे विणकर दिसतायत. त्यांना बघून मला फार बरं वाटलं, कारण माझं म्हणणं सगळ्यात आधी त्यांनाच पटेल. स्क्रीनसाठी रंग निवडायचा नसतो, जोडी निवडायची असते. अक्षराचा एक रंग आणि त्याच्या मागचा दुसरा, दोन्ही एकदमच ठरवायचे.

दुकानात काठ पसंत करताना आपल्या बायका तो हवेत धरून बघत नाहीत. साडीच्या अंगावर ठेवतात, दारापाशी उजेडात नेतात आणि मग हो-नाही सांगतात. मोरपंखी अंगावर उठून दिसलेला काठ काळ्या चंद्रकळेवर मरून जातो, हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. आणि बेळगावच्या माणसाला तर जोडीचा अर्थ आणखीच लवकर कळतो. नुसता पिवळा म्हणजे हळद. त्याच्याखाली लाल पट्टा आला की तो कन्नडचा झेंडा आहे हे चौकातल्या प्रत्येकाला समजतं. असो, त्या विषयाला हात घातला तर आज रात्री घरी जाणं व्हायचं नाही.

ही जोडी मी कल्पनेनं काढलेली नाही, ती यंत्रातच होती. 1978 साली आलेल्या व्हीटी-100 टर्मिनलला, म्हणजे मोठ्या कॉम्प्युटरला जोडायच्या स्क्रीन-कीबोर्डच्या यंत्राला, रंगच नव्हते. ठळक, अधोरेखित, लुकलुकतं आणि उलटं, म्हणजे उजळ पट्टीवर गडद अक्षर, एवढ्यावर भागवायचं. 1981 मध्ये आयबीएमचा पीसी आला. त्याच्या रंगीत कार्डात प्रत्येक अक्षराशेजारी एक बाइट, म्हणजे शून्य-एकच्या आठ बिटांची जागा, असायचा. चार बिट अक्षराच्या रंगाला, तीन मागच्या रंगाला, उरलेला एक लुकलुकण्याला. म्हणजे पुढचे सोळा, मागचे आठ, एकूण 128 जोड्या. रंग सुटा साठवायची सोयच नव्हती! मला ही रचना आजही फार आवडते.

आता ज्या गोष्टीसाठी मी आज इथं उभा राहिलोय ती सांगतो. खानापूर तालुक्यातली एक पतसंस्था, नाव घेत नाही. काउंटरवर जुना प्रोग्रॅम, काळी स्क्रीन, सगळं काम कीबोर्डवर. माउस नाही आणि त्याची गरजही नाही; सवय झालेला माणूस त्यावर इतका वेगात चालतो की बघत राहावं. कर्जखात्यांच्या यादीत नियमित खाती हिरवी, थकलेली लाल. तिथं एक वयस्क कारकून होते. सगळे त्यांना मामा म्हणायचे. हिशेबाला इतके पक्के की व्याज तोंडी काढायचे. पण थकीत खात्यांची यादी काढायला सांगितली की त्यांना वेळ लागायचा आणि नावं सुटायची. साहेबांनी ताकीद दिली, मग लेखी मेमो दिला, 'कामात हलगर्जीपणा' म्हणून. मामांनी गुपचूप एक वही केली. सकाळी लवकर यायचं, एकेक खातं उघडायचं, तारखा वाचायच्या आणि थकलेल्यांचे नंबर वहीत उतरवायचे. कॉम्प्युटरनं करायचं काम माणूस वहीत करत होता, आणि हलगर्जी तोच!

मी दुसऱ्याच कामासाठी तिथं गेलो होतो. मामांना सहज म्हटलं, "ती लाल ओळ वाचा की." ते म्हणाले, "कुठली हो? मला सगळ्या एकाच मातकट रंगाच्या दिसतात." लाल-हिरव्यातला फरक त्यांना जन्मापासूनच दिसत नव्हता. हा दोष बायकांपेक्षा पुरुषांत पुष्कळ जास्त आढळतो, कारण त्याची जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात आणि पुरुषाकडे ते एकच असतं. तेव्हा इथं बसलेल्यांपैकी कुणाला तो असेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. प्रोग्रॅम पुरवणाऱ्यांना फोन लावला तर उत्तर आलं, "स्क्रीनचा ब्राइटनेस वाढवा." मला आजही त्याचा राग येतो. दुरुस्ती एवढीच होती, की थकलेल्या खात्यापुढं एक चांदणी (*) छापायची. शेवटी ती छापली गेली आणि मामांची वही बंद झाली. मेमो मात्र कुणी मागं घेतला नाही. मी त्यासाठी अर्ज दिलाय, आणि इथं बसलेल्या संचालकांनी तो मनावर घ्यावा, ही हात जोडून विनंती.

चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं उरलीत. विषय तर पुढंच आहे, तेव्हा पोरांनो, लिहून घ्या.

काळ्या स्क्रीनचे पुष्कळ प्रोग्रॅम एनकर्सेस नावाच्या लायब्ररीवर, म्हणजे तयार कोडच्या संचावर, लिहितात. तिच्यात रंग सुरू करून 'इनिट-पेअर' या आज्ञेनं जोडीला नंबर द्यायचा: जोडी एक, लालवर काळा वगैरे. आठ रंगांच्या चौसष्ट जोड्या होतात. शून्य नंबरची जोडी टर्मिनलची स्वतःची, तिला हात लावू नका. 'यूज-डिफॉल्ट-कलर्स' म्हटलं की रंगाच्या जागी उणे एक देता येतं, म्हणजे वापरणाऱ्याची मूळ पार्श्वभूमी तशीच राहते. 256 रंग घेतले तर जोड्या 65,536 होतात आणि जुन्या 'इनिट-पेअर'चा आकडा 32,767 ला संपतो. त्यासाठी 6.1 आवृत्तीत 'अलोक-पेअर' आलं. रंग सांगा, नंबर तेच शोधून देतं. पण खरं सांगू? चांगल्या प्रोग्रॅमला आठ-दहा जोड्या पुरतात. त्यांना कामावरून नावं द्या: 'शीर्षक', 'निवडलेली ओळ', 'थकीत', 'चूक'. सगळ्या एकाच फायलीत ठेवा. आतल्या कोडमध्ये 'लाल' हा शब्द कुठंही येता कामा नये.

दुसरं, वाचनीयता मोजता येते. स्क्रीनवरच्या पांढऱ्याच्या उजेडात हिरव्याचा वाटा सुमारे 72 टक्के, लालचा 21, निळ्याचा जेमतेम 7. म्हणून काळ्यावर भर निळा घेतला तर अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडातल्या फरकाचं प्रमाण येतं 2.44, आणि वेबसाठीच्या मानकात साध्या मजकुराला किमान 4.5 लागतं. पांढऱ्यावर पिवळा तर 1.07, म्हणजे अक्षर नसल्यातच जमा. पण हे हिशेब शुद्ध रंगांचे. टर्मिनलचे पहिले सोळा रंग हे नुसते नंबर असतात, छटा ज्याच्या त्याच्या सेटिंगवर ठरते. तुमचा निळा माझ्याकडे आकाशी असेल. म्हणून पुढचा रंग ठरवून मागचा नशिबावर सोडू नका. दोन्ही ठरवा, नाहीतर दोन्ही वापरणाऱ्यावर सोडा.

तिसरं, 'नो-कलर' नावाचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे वापरणाऱ्यानं सगळ्या प्रोग्रॅमसाठी करून ठेवलेली खूण, लावलेलं असेल तर रंग बंद ठेवा, आणि रंगाशिवायही थकीत खातं ओळखता आलं पाहिजे. चांदणी, ठळक, उलटी पट्टी, काहीही चालेल.

अध्यक्ष उठले, म्हणजे मला थांबायलाच हवं. बाहेर टेबलावर दोन लॅपटॉप मांडलेत, एकावर काळी पार्श्वभूमी, दुसऱ्यावर पांढरी. ज्यांनी आपले प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवर आणलेत त्यांनी चहा येईपर्यंत ते दोन्हीकडे चालवून बघा, आणि जी ओळ वाचता येणार नाही तिचा जोडी-नंबर मला सांगा, आत्ताच बदलून देतो.