गेटच्या बाहेरचा रस्ता

मंडळी, आज इथे येताना मी मुद्दाम हमरस्त्यावरच रिक्षा सोडली आणि चालत आलो. वाटेत विजेचे अकरा खांब लागले, त्यातल्या चारांवर दिवा होता. डाव्या हाताला सोसायटीची उंच भिंत, तिच्यावर काटेरी तार, कोपऱ्याकोपऱ्यावर कॅमेरे, आणि बहुतेक कॅमेऱ्यांची तोंडं आतल्या बाजूला. उजव्या हाताला बांधकाम मजुरांची पत्र्याची वस्ती. पुढे ओढा, ओढ्यावरचा अरुंद पूल, आणि पूल ओलांडला की तुमचं जुनं गावठाण. मला आज फक्त या रस्त्याबद्दल बोलायचं आहे. चौतीस वर्षं मी पोलीस खात्यात होतो, बहुतेक काळ ग्रामीण दलात, आणि सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. ज्या गोष्टींनी माझी झोप उडवली, त्यातल्या बऱ्याच अशाच रस्त्यांवर घडल्या.

हे ठिकाण नेमकं काय आहे, ते आधी पाहू. कागदावर हे गाव आहे, इथे ग्रामपंचायत आहे. डोळ्यांनी बघितलं तर हे शहर आहे. अशा वस्तीला जनगणना खात्याने नाव दिलंय, 'जनगणना नगर'. लोकसंख्या किमान ५,०००, काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात, आणि चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं, असा त्याचा निकष. २००१ मध्ये देशात अशी १,३६२ नगरं होती, २०११ मध्ये ती ३,८९४ झाली. जनगणनेने त्यांना शहर म्हटलं, पण त्यांना ना नगरपालिका मिळाली ना महापालिका. पुण्याभोवती बघा. २०१७ मध्ये ११ गावं महापालिकेत गेली, २०२१ मध्ये आणखी २३. फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावं आत घेतली आणि २०२४ मध्ये पुन्हा बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद केली. या ये-जा मध्ये माणूस तिथेच राहतो, त्याच खोलीत, त्याच अंधाऱ्या वळणावर. फक्त अर्ज कुणाकडे करायचा ते बदलतं.

आपल्या कायद्याने ग्रामपंचायतीत जास्तीत जास्त १७ सदस्य असतात. गाव दोन हजारांचं होतं तेव्हाची चौकट आणि टॉवर उभे राहिल्यावरची चौकट एकच. पोलिसांचंही तसंच. ठाणं तालुक्याच्या गावी, इथे फार तर एक दूरक्षेत्र, म्हणजे छोटी पोलीस चौकी, त्यात दोन-तीन अंमलदार. त्यातला एक कोर्टात, एक बंदोबस्तावर. उरलेल्या एकाने आठ-दहा गावांचा बीट सांभाळायचा.

मग इतकी वर्षं हे चाललं कसं? पोलीस पाटलांमुळे. १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाने हे पद आजच्या रूपात आलं. जुनी वंशपरंपरागत पाटीलकी गेली आणि गावातलाच दहावी झालेला माणूस प्रांताधिकाऱ्यांनी नेमायचा, असं ठरलं. आता बायकाही या पदावर आहेत आणि फार चांगलं काम करतात. गावात अनोळखी कोण आलं, कुणाचा मृत्यू संशयास्पद आहे, कुणाच्या बांधावरचा वाद पेटणार आहे, ही खबर ठाण्याला द्यायची. माझ्या एका बीटमध्ये एक वयस्कर पोलीस पाटील होते. आम्ही त्यांना पाटीलबाबा म्हणायचो. रात्री गस्तीला गेलो की त्यांच्या ओट्यावर चहा व्हायचा आणि तेवढ्या वेळात मला गावाची अख्खी आठवड्याची हालहवाल कळायची. पुढे तिथे सात सोसायट्या झाल्या. एके रात्री मी विचारलं, "पाटीलबाबा, त्या टॉवरात काय चाललंय?" म्हणाले, "साहेब, त्या गेटवरचं पोरगं मलाच नाव विचारतं, वहीत सही घेतं. मी कुणाला काय विचारू?"

ते वाक्य मी विसरलो नाही. गावठाणात पाटील आहेत, गेटच्या आत वॉचमन आहे, आणि मधला आठशे पावलांचा रस्ता कुणाच्याच वहीत नाही.

आता जे सांगणार आहे, ते कबुली म्हणून ऐका. एका रात्री साडेनऊच्या सुमाराला एक मुलगी ठाण्यात आली. दवाखान्यात परिचारिका होती, ड्युटी संपवून चालत घरी निघाली होती. मागून मोटारसायकल आली, तिच्या हातातला मोबाइल हिसकावला, ती पडली, कोपर फुटलं. मी ठाणे अंमलदार होतो. मी विचारलं, "ओढ्याच्या अलीकडे की पलीकडे?" ती म्हणाली, "पुलावर." पूल म्हणजे दोन ठाण्यांची हद्द. मी तिला पलीकडच्या ठाण्यात पाठवलं, आणि त्यांनी तिला परत आमच्याकडे. ती तिसऱ्या दिवशी वडिलांना घेऊन आली तेव्हा मी तक्रार लिहून घेतली. तोवर मोबाइल कुठल्या कुठे गेला होता. माझं मन मात्र मोबाइलवर अडकलेलं नाही. ती नंतर त्या रस्त्याने चालायची बंद झाली आणि पुढे तिने नोकरी सोडली. आता १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत स्पष्ट लिहिलंय की गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, तक्रार नोंदवायची आणि मग योग्य ठाण्याकडे पाठवायची. झिरो एफआयआर म्हणतात त्याला. तुमच्यापैकी कुणालाही "आमची हद्द नाही" असं सांगितलं गेलं, तर हे आठवा आणि खुर्ची सोडू नका.

अमेरिकेत तुमची मुलं-सुना आहेत, त्यांना विचारा. तिथेही कुठल्याच शहराच्या हद्दीत न बसणाऱ्या मोठमोठ्या वस्त्या आहेत. ईस्ट लॉस एंजेलिस ही लाखावर लोकांची वस्ती आजही शहर नाही. लास वेगासचा तो झगमगता रस्ता जगभर माहीत आहे, पण त्याचा बहुतेक भाग लास वेगास शहराच्या हद्दीबाहेर आहे. ईस्ट लॉस एंजेलिसमध्ये पोलिसांचं काम कौंटीचा, म्हणजे तिथल्या जिल्ह्याचा, पोलीसप्रमुख शेरीफ बघतो, आणि शेरीफ लोकांच्या मतांनी निवडून येतो. ती पद्धत आपल्याकडे आणावी असं मी म्हणत नाही, तिथेही तिचे भोग आहेत. पण जबाबदार कोण, हे तिथल्या माणसाला नावानिशी माहीत असतं. तुमच्या बीट अंमलदाराचं नाव इथे किती जणांना माहीत आहे? हात वर करा. तीन. चार. बरं.

आता भिवंडीकडे येतो, कारण पोलीस आणि लोक एकत्र आले तर काय होतं, याचं महाराष्ट्रातलं सगळ्यात मोठं उदाहरण तिथे आहे. १९८४ मध्ये भिवंडीत भयंकर दंगल झाली, शेकडो माणसं मेली आणि होरपळली. पुढे तिथे सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून गेले. त्यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. प्रत्येक वस्तीची समिती, तीत हिंदू आणि मुसलमान दोघेही, आणि समितीला कायमचा जोडून दिलेला पोलीस. समित्या नियमित बसायच्या, दंगल नसताना बसायच्या. किरकोळ तंटे तिथेच मिटायचे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती आणि भिवंडी शांत राहिली. त्यानंतर मुंबईतही माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो आणि तेव्हाचे आयुक्त सतीश साहनी यांच्या पुढाकाराने मोहल्ला समित्यांची चळवळ उभी राहिली. आम्हाला प्रशिक्षणात भिवंडीबद्दल दहा मिनिटं सांगितलं होतं. माझ्या मते तो महिन्याभराचा धडा व्हायला हवा होता. भिवंडीला दिशा पोलिसाच्या ओळखीने दिली. लाठीने ते झालं नसतं.

पण लोकांनी स्वतः रक्षण करायचं म्हटलं की दुसरं टोकही दिसतं, आणि ते दाखवल्याशिवाय मी इथून जाणार नाही. १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा, साक्री तालुका. आठवडी बाजाराचा दिवस. मुख्यतः सोलापूर जिल्ह्यातून पोट भरायला फिरत आलेली नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं. मुलं पळवणारी टोळी आली आहे, असे संदेश मोबाइलवर कित्येक दिवस फिरत होते. त्या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून लोकांनी ठार मारलं. ग्रामपंचायतीच्या खोलीत, मंडळी. आपण आत्ता बसलोय तशाच इमारतीत. पुढे १६ एप्रिल २०२०, टाळेबंदीचे दिवस, पालघर जिल्ह्यातलं गडचिंचले. चोर फिरताहेत या अफवेने गावं रात्री जागत होती. दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक जमावाच्या हातून मेले, आणि पोलीस तिथे असूनही त्यांना वाचवू शकले नाहीत. गस्त घालणारी ती गावची पोरं सकाळपर्यंत खुनाची आरोपी झाली.

राईनपाड्यात आणि गडचिंचलेत राहणारी माणसं तुमच्यापेक्षा वाईट होती, असं समजू नका. घाबरलेली होती. ज्याच्याशी बोलायचं तो पोलीस ओळखीचा नव्हता, हातात फक्त मोबाइल होता, आणि संदेश पाठवणाऱ्याला तोंड नव्हतं. म्हणून मला ग्रामसुरक्षा यंत्रणा आवडते, पुणे, नाशिक, नगर भागात बऱ्याच गावांत ती सुरू झाली आहे. टोल फ्री क्रमांकावर फोन केला की फोन करणाऱ्याचा आवाज त्याच क्षणी गावातल्या सगळ्या नोंदलेल्या मोबाइलवर ऐकू येतो. आवाज कुणाचा ते कळतं, त्यामुळे उद्या त्याला उत्तर द्यावं लागतं.

तुमची तरुण मंडळी रात्रीची गस्त सुरू करणार आहे असं मला चहाच्या वेळी कळलं. करा. पण ठाण्याला कळवून करा. ग्रामरक्षक दलाची कायद्यात तरतूद आहे, पोलीस अधीक्षक ते दल उभारू शकतात. कुणी डोळ्यांदेखत गंभीर, अजामीनपात्र गुन्हा करत असेल तर नागरिक त्याला पकडू शकतो, पण लवकरात लवकर, आणि कोणत्याही परिस्थितीत सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. मारायचा अधिकार कुणालाही नाही, मलाही नव्हता. गस्तीच्या हातात शिट्टी, बॅटरी आणि फोन असावा. काठ्या घरी ठेवा. आणि ११२ ला फोन करताना नुसतं सोसायटीचं नाव सांगू नका, जवळची खूण सांगा, मंदिर, पाण्याची टाकी, पूल. गाडीवरचा शिपाई दुसऱ्या जिल्ह्यातला असू शकतो, त्याला 'ग्रीन' काय आणि 'हाइट्स' काय, सगळी नावं सारखीच.

गस्तीत कोण असणार, हेही मला विचारायचं आहे. त्या पत्र्याच्या वस्तीतलं कुणी आहे का? नाही ना. हा रस्ता सगळ्यात जास्त तेच वापरतात. पहाटे पाचला ते निघतात, त्यांच्या पगाराच्या दिवशी त्यांनाच लुटलं जातं, आणि चोरी झाली की पहिला संशय त्यांच्यावर. माझ्या नोकरीत मला सगळ्यात नेमक्या खबरा दिल्या त्या अशा मजुरांनी, रात्रपाळीच्या वॉचमननी आणि नाक्यावर भाजी विकणाऱ्या एका मावशींनी. मावशींना कुठल्या गाड्यांना नंबरप्लेट नसते ते पाठ होतं. तीन वर्षं कुणी त्यांना विचारलं नव्हतं.

आता दिव्यांचं. २०२१ मध्ये पथदिव्यांच्या थकबाकीवरून महावितरणने राज्यात कितीतरी गावांचे दिवे तोडले होते, तुम्हाला आठवत असेल. सात बंद खांबांचा प्रश्न पोलीस सोडवू शकत नाही, पंचायत सोडवू शकते. पण पंचायतीला कुणी विचारायला हवं. ग्रामसभेत बसायला गावच्या मतदार यादीत नाव लागतं, आणि सोसायट्यांमधल्या निम्म्याअधिक लोकांची नावं अजून त्यांच्या जुन्या पत्त्यावर आहेत, हे तुम्हीच मला सांगितलंत. फॉर्म भरा. वर्षातून किमान चार ग्रामसभा होतात, त्याआधी महिलांची सभा होते. गावठाणातल्या ताईंना आणि टॉवरातल्या ताईंना मी एकत्र एका सतरंजीवर बसलेलं अजून पाहिलेलं नाही. पोलीस पाटलांनाही तिथे बोलवा. आणि सोसायट्यांच्या वॉचमनदादांना सांगून ठेवा की पाटलांकडून सही घ्यायची नाही, त्यांना खुर्ची द्यायची.

मागच्या टेबलावर तलाठी कार्यालयातून आणलेला गावाचा नकाशा पसरला आहे, शेजारी लाल पेन्सिली आहेत. ज्या जागी तुम्हाला चालताना भीती वाटते, तिथे खूण करा, आणि बाजूला वेळ लिहा. उद्या सकाळी तो नकाशा मी आणि तुमचे सरपंच मिळून ठाण्यात नेणार आहोत. आधी शाळा-कॉलेजच्या मुलींना पुढे येऊ द्या, मोठ्यांनी थोडं थांबा.