लाल डगल्याचा हिशोब

पत्रिकेवर विषय छापलाय ‘ब्रिटिश इतिहासातले लष्करी गणवेश आणि समाज’. समाजाकडे मी येणारच आहे. पण आधी डगला हातात घेऊन उलटसुलट करून बघू या, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

एक विचारतो. इंग्रज सैनिकांचा डगला लाल का? रक्त दिसू नये म्हणून, असं किती जणांनी ऐकलंय? हात वर करा. बघा, जवळजवळ सगळेच. ही समजूत इंग्लंडमध्येही इतकी घट्ट बसली आहे की ती खोडताना दरवेळी जीव तुटतो. लाल लोकरीवर रक्त वाळलं की काळा डाग पडतो आणि चांगला ठळक दिसतो. शिवाय खाली तुमान कित्येक वर्षं पांढरी. रक्त लपवायचं असतं, तर पांढरी तुमान कोण देईल?

खरं कारण बाजारातलं आहे. 1645 मध्ये, राजाविरुद्धच्या यादवीत, पार्लमेंटने आपली नवी फौज उभी केली, न्यू मॉडेल आर्मी. हजारो डगले एकदम शिवून हवे होते आणि ते स्वस्तात हवे होते. आपल्या मंजिष्ठाची एक युरोपातली बहीण आहे, मॅडर. तिच्या मुळ्या वाळवून कुटायच्या, लोकर आधी तुरटीच्या पाण्यात उकळायची, मग मुळ्यांच्या कोमट रंगात बुडवायची. कोमट म्हणतोय ते लक्षात ठेवा. रंगाला उकळी फुटली की मुळीतला तपकिरी अंशही उतरतो आणि लालाचा विटकरी होतो. घाईघाईने रंगवलेला स्वस्त डगला त्यामुळे मुळातच विटकरी, आणि ऊनपाऊस खाऊन आणखी विटलेला.

अधिकाऱ्याचा डगला मात्र वेगळाच. तो कोचिनिअलचा. मेक्सिकोतल्या निवडुंगावर राहणारे बारीक किडे वेचून वाळवायचे. एका पौंडाला सुमारे 70,000 किडे लागतात. त्या रंगात कथलाचं द्रावण पडलं की लाल पेटून उठतो. ग्लॉस्टरशायरमधलं स्ट्राउड गाव अशाच शेंदरी-लाल लोकरीसाठी नावाजलेलं. म्हणजे ‘सगळी पलटण लाल’ हे चित्र लांबून बघणाऱ्याचं. जवळ उभं राहिलं की विटकरी कोण आणि शेंदरी कोण, हे बिल्ला न बघताही कळायचं. समाज इथेच, रंगाच्या कढईत सुरू होतो.

आता त्या डगल्यावरचे पांढरे पट्टे. छातीवर फुली घालणारे जाड कातड्याचे दोन रुंद पट्टे असत. ते पांढरे ठेवायला पाइप-क्ले वापरत, म्हणजे विलायतेत तंबाखूच्या चिलमी करायची ती पांढरी माती. जुना थर खरवडायचा, माती पाण्यात कालवायची, स्पंजाने सारखी लावायची, सावकाश वाळू द्यायची आणि मग घासून गुळगुळीत करायची. थर जाड बसला की पट्टा वाकताच पापुद्रे सुटतात आणि डगल्यावर भुकटी पडते. पाऊस आला की पांढरे ओघळ थेट लाल कापडावर. मग डगलाही झाडापुसायचा. पितळी बटणं घासायला खाच असलेली एक पट्टी असे. ती बटणांखाली सरकवायची, म्हणजे पॉलिश कापडाला लागत नाही. ही पट्टी इतकी सोयीची की विसाव्या शतकातही सैनिकांच्या सामानात होती.

केसांचं तर विचारू नका. 1808 पर्यंत शेपटी बांधावी लागे. केसांना चरबी चोपडायची, मागे घट्ट ओढून गुंडाळायचे, वर पीठ भुरभुरायचं. गळ्याला कडक काळ्या कातड्याचा पट्टा, मागे बक्कल. त्याने मान ताठ राहते, बघणाऱ्याला रुबाब वाटतो. पण बंदूक खांद्याला लावून नेम धरताना मान खाली झुकायला हवी, तीच झुकत नाही. उन्हात घामाने गळा सोलवटतो. लढाईसाठी शिवलेला पोशाख लढाईच्या आड येतो, हे मला इथे तळमळीने सांगायचं आहे. तो पोशाख मुख्यतः बघणाऱ्यांसाठी होता.

आणि पैसे कोणाचे? अठराव्या शतकात पायदळातल्या शिपायाचा रोज आठ पेन्स. त्यातले दोन पेन्स कपात म्हणून आधीच बाजूला, आणि त्यातून कर्नलने पलटणीचे कपडे करायचे. कापड हलकं घेतलं तर उरलेली रक्कम कर्नलच्या खिशात, आणि हे सगळं कायदेशीर. ही पद्धत रशियाविरुद्धच्या क्रिमियन युद्धाच्या सुमारापर्यंत, म्हणजे 1850 च्या दशकापर्यंत चालली. हाती उरलेल्या सहा पेन्समधून जेवण, बुटांची दुरुस्ती आणि ती पांढरी मातीसुद्धा. आपल्याकडे लग्नाच्या वरातीत बँडवाले लाल कोट, सोनेरी झालर घालून उभे राहतात, त्या पोशाखाचं मूळ या परेडीतच आहे. तिथेही विचारावं, कोट कोणाचा आणि धुतो कोण.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, पाचच मिनिटं उरलीत. कबूल केलेला मुद्दा आता भराभर सांगतो.

त्याच न्यू मॉडेल आर्मीच्या जोरावर सत्ता चालवणाऱ्या क्रॉमवेलनंतर इंग्रज माणसाला कायमच्या फौजेची धास्तीच बसली होती. 1689 च्या बिल ऑफ राइट्स या कायद्याने ठरवलं की शांततेच्या काळात पार्लमेंटच्या संमतीशिवाय फौज ठेवायची नाही. बराकी फारशा नव्हत्या, शिपाई खानावळींत लादले जात, मालक वैतागत. 1819 मध्ये मँचेस्टरला मताच्या हक्कासाठी भरलेल्या सभेवर घोडेस्वार घुसले, तेच पीटरलू. त्यात आघाडीला असलेली यिओमनरी, म्हणजे हौशी स्वयंसेवक घोडदळ, स्थानिक व्यापारी आणि कारखानदारांची, आणि तिचा डगला निळा. गणवेश म्हटला की लोकांच्या मनात हेही होतं.

ही भीती निवळायला जे उपयोगी पडलं त्यात थाटाचा वाटा मोठा. ट्रूपिंग द कलर म्हणजे मुळात निशाण रांगांसमोरून फिरवणं, गर्दीत आपलं निशाण शिपायाने ओळखावं म्हणून. 1748 पासून त्याला राजाच्या वाढदिवसाची जोड मिळाली. 1859 मध्ये फ्रान्सच्या भीतीने स्वयंसेवक पलटणी निघाल्या, आणि कारकून, वकील, दुकानदार आपल्या खर्चाने गणवेश शिवून रविवारच्या सुटीआधी कवायत करू लागले. मध्यमवर्ग मोठ्या संख्येने गणवेशात शिरला.

आता तारखा नीट ऐका. निशाण घेऊन शेवटची लढाई 1881, दक्षिण आफ्रिकेतलं लेंग्ज नेक. लाल डगल्यातली शेवटची लढाई 30 डिसेंबर 1885, सुदानमधलं गिनिस. 1902 मध्ये खाकी आली, तीही पेशावरच्या बाजूने शिकलेली. रणांगणातून लाल गेला आणि मिरवणुकीत त्याची किंमत वाढली. पहिल्या महायुद्धानंतर, 1920 मध्ये, पूर्ण लाल पोशाख परत मिळाला तो फक्त राजाच्या रक्षक पलटणींना.

आणि 1894 चा युनिफॉर्म्स अ‍ॅक्ट. परवानगीशिवाय लष्करी गणवेश घालणं गुन्हा ठरलं, सूट मिळाली ती नाटकातल्या पोशाखाला. त्याच दशकात खरा लाल डगला घातलेला साधा शिपाई दारात आला, की काही नाट्यगृहं आणि दारूचे गुत्ते त्याला आत घेत नसत.