मिहिन्तलेचा आंबा

श्रोतेहो, नमस्कार. ज्येष्ठी पौर्णिमेला आपल्याकडे वडाला सूत गुंडाळतात. त्याच पौर्णिमेला श्रीलंकेत पांढरे कपडे घातलेली माणसं लाखोंनी एक डोंगर चढत असतात. तिकडे या पौर्णिमेचं नाव पोसोन आणि डोंगराचं नाव मिहिन्तले. अनुराधपूर या जुन्या राजधानीपासून पूर्वेला सुमारे १३ किलोमीटर. या नावातला मिहिंदू म्हणजे भिक्खू महिंद, सम्राट अशोकाचा मुलगा. लंकेत बौद्ध धर्म आला तो या डोंगरावर, अशी तिथली परंपरा सांगते. आणि आला कसा, तर एका आंब्याच्या झाडाखाली.

इसवी सनापूर्वी तिसरं शतक. महावंस या लंकेच्या जुन्या पाली बखरीतली गोष्ट आहे. लंकेचा राजा देवानंपिय तिस्स शिकारीला निघाला होता. समोर सांबर चरत होतं. बेसावध जनावरावर बाण सोडणं बरं नव्हे, म्हणून राजानं नुसती प्रत्यंचा वाजवली. सांबर पळालं, राजा मागे धावला. डोंगरावर पोचतो तो सांबर गायब, आणि समोर एक भिक्खू. म्हणतो, “तिस्सा, इकडे ये.” राजाला नुसत्या नावानं हाक! राजाला वाटलं, हा यक्ष असणार. “आम्ही श्रमण आहोत, तुझ्यावरच्या करुणेनं जंबुद्वीपातून (म्हणजे भारतातून) आलो,” असं उत्तर आलं, तेव्हा राजानं धनुष्यबाण खाली ठेवले.

आता ऐका हं. महिंदानं उपदेश सुरू केला नाही. त्यानं विचारलं,

“राजा, या झाडाचं नाव काय?”

“आंबा.” पाली भाषेत अंब. (हापूस की रायवळ, हे कृपया विचारू नका.)

“हा सोडून आणखी आंबे आहेत?”

“पुष्कळ आहेत.”

“हा आंबा आणि ते आंबे सोडून आणखी झाडं आहेत?”

“पुष्कळ. पण ती आंब्याची नव्हेत.”

“बरं. ते दुसरे आंबे सोड, आंबा नसलेली झाडंही सोड. आणखी झाड आहे?”

पुन्हा सांगतो. दुसरे आंबे वजा. आंबा नसलेली सगळी झाडं वजा. उरलं काय? भलेभले इथे “काही नाही” म्हणून मोकळे होतात. राजा म्हणाला, “हा आंबा आहे ना, भन्ते!”

लगेच दुसरा प्रश्न. “तुला नातेवाईक आहेत?” “पुष्कळ.” “नातेवाईक नसलेले?” “त्याहून जास्त.” “दोन्ही सोडून कोणी?” “मी आहे, भन्ते!”

माणूस विचार करू शकतो, एवढी खात्री पटल्यावर महिंद बोलू लागला. आपल्याकडचे वक्ते दोन तास बोलून झाल्यावर “काही शंका?” विचारतात, तेव्हा मला हा आंबा आठवतो. आणि पहिलं सुत्त, म्हणजे बुद्धाचं प्रवचन, कोणतं निवडलं? हत्तीच्या पावलाची उपमा असलेलं. मोठं पाऊल दिसलं म्हणून मोठा हत्ती आहे असं जाणता माग काढणारा म्हणत नाही, हत्ती डोळ्यांनी पाहीपर्यंत थांबतो.

त्या जागेला अंबत्थल म्हणतात, आंब्याचं स्थळ. आज तिथे पांढरा लहानसा स्तूप आहे. भोवती दगडी खांबांची वर्तुळं. पूर्वी या खांबांवर स्तूपाला झाकणारं छप्पर होतं.

पायऱ्या १,८४०. रुंद आहेत, उंची कमी, त्यामुळे गुडघे कुरकुरत नाहीत. पण वरच्या पटांगणाशी चपला काढाव्या लागतात आणि दुपारी दगड तव्यासारखा तापतो. तेव्हा पहाटे निघा. पुन्हा सांगतो, पहाटे. अर्ध्या वाटेपर्यंत गाडीरस्ताही आहे.

वाटेत दानशाळा लागते. भात आणि पेज ठेवायच्या दोन दगडी द्रोणी तिथे आहेत. शेजारी दहाव्या शतकातल्या, चौथा महिंद नावाच्या राजाच्या (हा महिंद वेगळा) दोन शिळा. भिक्खूंनी पहाटे उठून दात घासावेत इथपासून कोणत्या सेवकाला किती तांदूळ, किती जमीन, इथपर्यंत सगळं कोरलेलं. रोजचा खर्च वहीत, महिन्याचा गोषवारा, वर्षाचा ताळेबंद भिक्खूसंघापुढे. आमच्या उत्सव मंडळांनी जमाखर्च दगडात नको, निदान फळ्यावर तरी लिहावा!

पायथ्याला नवव्या शतकातल्या रुग्णालयाचे अवशेष आहेत. तिथली दगडी द्रोणी माणसाच्या आकाराची कोरलेली, डोकं, खांदे, पाय सगळं बेतून. रोग्याला तीत निजवून औषधी तेलाकाढ्यात बुडवायचे. आकार अंगाबरोबर असला की औषध थोडकं पुरतं.

गुहांकडे मात्र नीट बघा. गुहेच्या कपाळावर छिन्नीनं एक आडवी खाच काढलेली दिसेल. कातळावरून ओघळणारं पावसाचं पाणी त्या खाचेशी अडतं आणि बाहेर ठिबकतं. खाच नसेल तर ओघळ कातळाला चिकटून थेट आत येतो. बहुतेक लेख या खाचेखाली, कोरड्या जागी कोरलेले आहेत. ब्राह्मी लिपीत, दात्याचं नाव आणि पुढे एक शब्द, ‘लेणे’. आपल्या कार्ल्या-कान्हेरीचं लेणं, तेच.